सरकीवालीचं पार्श्वसंगीत

इम्तियाजने कीबोर्डवरून हात उचलला आणि शगुफ्ताकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"करा ना सुरू," ती म्हणाली.

"झालं."

"काय झालं?"

"म्युझिक. संपलं."

शगुफ्ताने ताटातला खडा बाजूला काढला. "मले वाटलं, तुम्ही बटनं पाहून राह्यले."

दाराशी बाजेवर पडलेल्या अमिनाबींनी डोळे न उघडताच मुलाला सल्ला दिला. "बेटा, पेटी बिघडली असन तं अय्याजले दाखव. मागच्या खेपी तिच्यातून झुरळ निघालं होतं."

पेटी बिघडली नव्हती. त्या तुकड्यात तीनच सूर होते: सा, कोमल रे आणि परत सा. ते बसवायला इम्तियाजला चार महिने लागले होते.

एवढ्या कमी सुरांची सवय त्याला कापसाने लावली होती. त्याच्या वडिलांची बँड पार्टी चौदा जणांची होती. कापसाचे भाव पडू लागले, तसा लग्नातला बँड लगेच बंद झाला नाही; तो एकेका माणसाने कमी होत गेला. आधी खुळखुळेवाले गेले, मग दुसरा ढोल, मग क्लॅरिनेट. मुलींचे बाप "थोडक्यात बसवा, भाऊ" असं खालच्या आवाजात सांगत आणि दुसरीकडे बघत. चौदा जणांचं गाणं इम्तियाजने नऊ जणांत बसवलं, नवाचं पाचात, पाचाचं तिघांत. प्रत्येक वेळी काही सूर टाकून द्यावे लागत आणि प्रत्येक वेळी त्याच्या लक्षात येई की, टाकलेल्या सुरांवाचून गाण्याचं फारसं अडत नाही. हा शोध त्याने आनंदाने लावला नव्हता. दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्यात तिघांनाही कोणी बोलावेना, तेव्हा त्याच्याकडे एक पक्की पद्धत होती आणि ती वापरायला एकही लग्न नव्हतं.

तेव्हा पंजाबराव भेटले. राळेगावच्या पुढे कापसातली सरकी काढायचं त्यांचं जिनिंग होतं, दोन वर्षं बंद. यंत्रांवर धूळ, गोडाऊन रिकामं. एवढी मोठी जागा आता भुताशिवाय कोणाच्या कामाची नाही, असा विचार करून त्यांनी भुताचा सिनेमा काढला. नाव 'सरकीवाली'. जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीखाली गुदमरून मेलेली एक बाई अंगाला कापूस लपेटून येते आणि माणसांच्या पाठीमागे उभी राहते, एवढीच गोष्ट. सीडी करून गावोगाव विकायची होती.

इम्तियाजने सबंध सिनेमाभर दोन जवळजवळ सारखे सूर एकमेकांवर धरून ठेवले. त्यांच्यातल्या किंचित फरकामुळे आवाज सतत थरथरत राही. मग शेवटी सरकीवाली नायिकेच्या मागे येते, पडदा काळा होतो, थरथर थांबते, आणि चाळीस सेकंद काहीच नाही. एकेचाळिसाव्या सेकंदाला ते तीन सूर.

"भाऊ, भेव सुरात नसते," त्याने पंजाबरावांना समजावून सांगितलं. "सुराची वाट पाहण्यात असते."

"पाहू ना वाट. पण मंग काही तं भेटलं पाह्यजे, इम्तियाजभाई. तीनच?"

"तीन पुष्कळ झाले."

पंजाबराव भला माणूस होता. त्यांनी दोन खेळांची मुदत दिली. गोडाऊनमध्येच गावकऱ्यांना सिनेमा दाखवायचा. लोक घाबरले तर संगीत राहील. नाहीतर अमरावतीला तयार सीडी मिळते, तिच्यातलं ढॅण ढॅण लावायचं. इम्तियाजला दुसरं काही नको होतं. आयुष्यात एकदा दोनशे माणसांनी त्याचे तीन सूर गप्प बसून ऐकावेत, एवढंच. लग्नात वीस वर्षं वाजवून त्याच्या वाट्याला कधी एक मिनिटाचीही शांतता आली नव्हती.

पहिला खेळ दुपारी बाराला लागला, कारण बारा ते चार लाईन, म्हणजे वीज, असे. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या. यवतमाळहून आणलेला प्रोजेक्टर आणि इम्तियाजचा स्वतःचा अँप्लिफायर एका टेबलावर होता. दोनशे माणसं सतरंज्यांवर बसली. थरथर सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेतल्या बाया एकमेकींना चिकटल्या. इम्तियाजला बरं वाटू लागलं.

शेवटचा प्रसंग आला. पडदा काळा झाला. आवाज थांबला.

त्या वर्षी तिथे रोज बारा-बारा तास भारनियमन होतं. अंधार आणि शांतता ही दोन लक्षणं एकत्र दिसली, की त्या गावात निदान एकच होत असे. दोनशे माणसं कुरकुर न करता उठली. दुपट्टे झटकले, चपला शोधल्या आणि दाराकडे निघाली. एवढ्या शिस्तीने कोणी देवळातूनही बाहेर पडत नाही.

"काहून उठले, पुंडलिकराव?" पंजाबरावांनी पुढच्या रांगेतल्या एका वजनदार शेतकऱ्याला अडवलं.

"लाईन गेली ना."

"लाईन आहे. हे म्युझिक आहे."

पुंडलिकरावांनी कान दिला. "कोणतं?"

"चाळीस सेकंद काही वाजत नाही, ते म्युझिकच आहे," इम्तियाज टेबलामागून म्हणाला.

"असं म्युझिक तं आमच्या घरी रोज बारा घंटे राह्यते," पुंडलिकराव म्हणाले. "त्याच्यासाठी इथवर कायले या लागते?"

एवढ्यात पडदा उजळला. दारातल्या माणसांनी मागे वळून पाहिलं आणि "आली रे, आली" असं सरकीवालीला नव्हे, तर लाईनला म्हणत सगळे पुन्हा आत घुसले. त्या गर्दीत तीन सूर केव्हा वाजून गेले, ते इम्तियाजलाही कळलं नाही.

"एक खेळ गेला," पंजाबराव म्हणाले. त्यांनी रागावून बोलायला हवं होतं. ते हळहळून बोलले, म्हणून इम्तियाजला जास्त लागलं.

आठवडाभर तो लोहारा गावातल्या आपल्या घरात छताकडे बघत पडून राहिला. शांततेत काहीतरी भरावं, असं अय्याजने सुचवलं. अय्याज रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याला शांतता म्हणजे बिघाड वाटे. भरलेली शांतता म्हणजे काय, हे इम्तियाजला समजेना.

"लोकाईले एवढंच कळलं पाह्यजे का लाईन आहे," शगुफ्ता म्हणाली. "लाईन आहे हे कळलं तं बसतीन ते."

इम्तियाज उठून बसला. उपाय सोपा होता. पडद्याच्या बाजूला एक लहान लाल दिवा लावायचा. दिवा जळतोय तोवर लाईन आहे, असं आधीच सांगून ठेवायचं. मग शांततेला शांतता म्हणता येईल.

दुसऱ्या खेळाच्या सकाळी त्याने दिवा लावून पाहिला. व्होल्टेज कमीजास्त होत होतं आणि दिवा सारखा मिचमिचत होता. लोक त्या दिव्याकडेच बघत बसले तर संगीत कोण ऐकणार? त्याने पुंडलिकरावांच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणि मागचा लाल दिवा मागून आणला, दोन्ही एकमेकांना जोडले आणि पडद्याशेजारी ठेवले. दिवा संथ, एकसारखा जळू लागला. इम्तियाजचं समाधान झालं. ज्याची खबर हवी, त्यालाच दिवा जोडावा लागतो, हे तो वीस वर्षं अँप्लिफायर हाताळत असल्यामुळे जाणून होता; पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात फक्त संगीत होतं.

पंजाबरावांनी माईकवरून सांगितलं, "हा लाल दिवा जळून राह्यला, तोवर लाईन आहे. दिवा जळत असताना जो उठला, तो भित्रा समजू."

माणसं बसली. गेल्या वेळी काय चुकलं होतं ते कळल्यामुळे ती जरा ओशाळलेली होती आणि जास्तच लक्ष देत होती. थरथर सुरू झाली. सरकीवाली आली. पडदा काळा झाला. आवाज थांबला. कोणी हललं नाही.

इम्तियाज मनात मोजत होता. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. तेहेतिसाव्या सेकंदाला प्रोजेक्टरचा पंखा थांबला. त्याने अँप्लिफायरकडे पाहिलं. त्याच्यावरचा बारका दिवा विझलेला होता.

लाईन गेली होती. बारा ते चारमध्ये ती कधी जात नसे. त्या दिवशी गेली. पडद्याशेजारचा लाल दिवा मात्र संथ, एकसारखा जळत होता.

सांगून टाकायला त्याने तोंड उघडलं. मग त्याला ती शांतता ऐकू आली. दोनशे माणसं श्वास धरून बसली होती आणि त्याच्या पुढच्या सुराची वाट पाहत होती. सांगितलं, की ती दुपट्टे झटकून निघून जातील आणि उद्या अमरावतीची सीडी येईल. त्याने तोंड मिटलं. दोन मिनिटांत लाईन येईल, अशी त्याने आशा केली.

चार मिनिटं झाली. कोणी तरी खोकलं आणि घाबरून माफी मागितली.

"मागं आहे," एक बाई कुजबुजली.

"कोणाच्या?"

"मले काय माहीत. पाहू नका."

पुंडलिकराव रामराम, रामराम म्हणू लागले. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, विमलताईंनी, अंधारात स्पष्ट आवाजात सांगितलं, "हे असं विनाकारण होत नाही. कोणाचं काही चुकलं असन, तं बोलून टाका."

मग पुंडलिकराव म्हणाले, "डोंगरसिंग, तुया वावराचा धुरा म्याच आत सरकवला होता. दोन हात."

"तीन," मागून डोंगरसिंगचा आवाज आला.

"तीन असन."

"माहीत होतं मले. तुमची पऱ्हाटी चरायले माही म्हैस उगाच नोहती येत."

मग बाकीचेही बोलू लागले. एकाने सासूला विहिरीचं खारं पाणी मुद्दाम पाजल्याचं सांगितलं. एकीने दिराच्या पत्रिकेतली जन्मवेळ बदलली होती. पंजाबराव उभे राहिले. जिनिंग आता कधीच सुरू होणार नाही, हे आपल्याला गेल्या दिवाळीपासून माहीत आहे, 'पुढच्या हंगामात पाहू' हे आपण उगाच सांगत होतो, असं ते म्हणाले. त्या गोडाऊनमध्ये काम केलेली निम्मी माणसं तिथेच बसली होती. सबंध खेळात एवढं भयंकर दुसरं काही नव्हतं, आणि त्याच्यामागे एकही सूर नव्हता.

अकराव्या मिनिटाला मागचं मोठं दार करकरत उघडलं. बाहेरच्या उन्हात एक बाई उभी होती. डोक्यावर कापसाचं गाठोडं, कमरेला कापसाची ओटी, केसांत कापूस, भुवयांवर कापूस.

दोनशे माणसं एकदम ओरडली आणि बाजूच्या दाराने बाहेर पडली. या वेळी चपला कोणी शोधल्या नाहीत.

बाई आत आली. ती नंदाबाई होती. शेजारच्या वावरात कापूस वेचत होती आणि धाकट्या बहिणीला न्यायला आली होती. तिने रिकाम्या सतरंज्यांकडे पाहिलं, मग टेबलामागच्या इम्तियाजकडे.

"लाईन तं केव्हाची गेली," ती म्हणाली. "अंधारात काय करून राह्यले होते एवढे लोकं?"

"म्युझिक ऐकत होते," इम्तियाज म्हणाला.

बाहेर पंजाबराव त्याला शोधतच होते. त्यांनी त्याला मिठी मारली. त्यांचे डोळे ओले होते आणि ते कशामुळे, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

"इम्तियाजभाई, म्या हात टेकले. अमरावती कॅन्सल. पोस्टरवर तुमचं नाव हिरोइनच्या वर."

"भाऊ, एक सांगायचं होतं. लाईन..."

"लाईनबीईन काही ऐकायचं नाही मले. ते शेवटचं जे होतं ना, अकरा मिनिटाचं, ते जसंच्या तसं पाह्यजे सीडीत. सेकंदही कमी नको."

"आणि मंग तीन सूर."

पंजाबरावांनी विचार केला. माणूस भला होता. त्यांना कोणाचं मन मोडायला आवडत नसे.

"ते काढून टाकू," ते म्हणाले. "एवढं सगळं झाल्यावर टूं टूं टूं कायले? लोकाईचं भेव मोडन."

ट्रॅक्टरवरून, मग एसटीने, अँप्लिफायर मांडीवर घेऊन इम्तियाज दिवेलागणीला घरी आला. दिवे लागले नव्हते. शगुफ्ता उंबऱ्यात बसली होती. तिने अँप्लिफायर हातात घेतला, पण आत गेली नाही.

"घाबरले काय लोकं?"

"लय."

"मंग ठेवलं ना तुमचं म्युझिक?"

"ठेवलं."

"सगळं?"

इम्तियाजने चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"सूर सोडून सगळं," तो म्हणाला.