श्रेणी अठ्ठावन्न, दोष : स्वच्छ केलेले

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या एका निरीक्षकांच्या पत्नीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनच्या खर्चासाठी वडिलांनी दिलेलं सोन्याचं जुनं नाणं विकायचं, असं बाईंनी ठरवलं. यात वावगं काहीच नव्हतं. नाणं त्यांचं, डोळे त्यांचे. निरीक्षकांनी फक्त हात धरून सोनारापर्यंत न्यायचं होतं, आणि ते तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट इथेच आटोपली असती.

सोनाराने नाणं कसाला लावलं, काट्यावर ठेवलं आणि आकडा सांगितला. ऑपरेशन होऊन वर चष्म्याचे पैसे उरत होते. बाई म्हणाल्या, "द्या." तेवढ्यात निरीक्षकांनी काटा तिरपा करून त्याच्या पोटाखाली पाहिलं. चौतीस वर्षांची खोड, ती काय निवृत्त होते!

"या काट्याच्या पडताळणीची मुदत संपून दोन महिने झालेत."

"साहेब, काटा अगदी बरोबर आहे हो. हवं तर शेजारच्या दुकानात मोजून बघा."

"बरोबर असणं वेगळं आणि शिक्का असणं वेगळं," निरीक्षक म्हणाले.

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तो बोलला, "जुनं नाणं वितळवायला देता? आधी श्रेणी लावून घ्या. प्रमाणपत्रासह तिप्पट भाव येतो." श्रेणी आणि प्रमाणपत्र हे दोन शब्द एका दमात ऐकून निरीक्षकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"अहो, सोनारानेच कान टोचलेले बरे," बाई म्हणाल्या. "गुरुवारी ऑपरेशन आहे. आणि डोळे दोनच आहेत माझे, तिप्पट घेऊन करू काय?"

"अगं, तुझ्याच भल्याचं बघतोय," असं म्हणून निरीक्षकांनी नाणं उचललं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं.

नाणे श्रेणी निर्धारण केंद्रात तीन आठवड्यांनी नंबर लागला. खिडकीतल्या कारकुनाने भिंगातून नाणं पाहिलं आणि चेहरा असा केला, जणू कुणी गेल्याची बातमी सांगायची आहे. "हे घासलंय का?"

"घासलंय तर!" बाई अभिमानाने म्हणाल्या. "दात घासायच्या पावडरने. फार धुरकट दिसत होतं."

खरं तर नाणं आधीपासून लख्ख होतं, धुरकट होते ते डोळे. पण अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

"मग श्रेणी घसरणार. मूळ मळ गेला."

"मळाला कुठे किंमत असते?"

"मळालाच असते. सोनं काय, कुठेही मिळतं." खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला. "नैसर्गिकरीत्या काळं पडू द्या आणि पंधरा वर्षांनी फेरअर्ज करा."

"अहो, पण सोनं काळं पडत नाही!"

"म्हणूनच मुदत पंधरा वर्षं दिलीय."

बाईंनी कपाळाला हात लावला. निरीक्षकांना मात्र उत्तर नियमाला धरून वाटलं. त्यांनी फी भरली आणि नाणं पारदर्शक डबीत सीलबंद होऊन आलं. वर चिठ्ठी : श्रेणी अठ्ठावन्न, दोष : स्वच्छ केलेले.

ती घेऊन ते एका नाणेसंग्राहकाकडे गेले. त्याने डबी हातात घेतली, नाण्याकडे ढुंकूनही न पाहता चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाला, "दुप्पट देतो. पण डबीवर चरा आहे. डबीची श्रेणी काढून आणा." डबीच्या श्रेणीसाठी केंद्रात चार नंबरची खिडकी होती. तिथे ती डबी दुसऱ्या डबीत बसवली गेली, आणि दुसरीवर चरा पडू नये म्हणून ती तिसरीत. प्रत्येक डबीगणिक ऑपरेशन महिनाभर पुढे जात होतं.

इकडे बाई चहात मीठ घालू लागल्या. एकदा तर खुंटीवरच्या कोटाला नवरा समजून त्या अर्धा तास बोलल्या. कोटाने मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं, म्हणून त्यांना बरंही वाटलं. पण जिन्यावर पाय चुकला, त्या दिवशी त्या खरोखर घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, आता उशीर केलात तर नजर कायमची जाईल.

निरीक्षकांचं धाबं दणाणलं. बाईंना घेऊन ते तडक सोनाराकडे गेले. सोनार म्हणाला, "डब्या फोडा, आजच्या भावाने रोख घ्या. मी सोनं घेतो, प्लास्टिक नाही." त्याने हातोडी पुढे केली. निरीक्षकांनी ती घेतली, उचलली आणि हात तसाच वर राहिला. सील फोडणाऱ्याला दंड करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याने सील फोडायचं?

"आणा इकडे," बाई म्हणाल्या. "वडिलांनी अडीनडीला दिलं होतं मला. मिरवायला नाही." त्यांनी चाचपून नेम धरला. तीन फटके, तीन डब्या. निरीक्षक खाली बसून सीलचे तुकडे गोळा करत राहिले. सोनाराने नाणं त्याच काट्यावर ठेवलं. वजन गुंजभरही बदललं नव्हतं.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी निघाली तेव्हा बाईंनी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, अगदी खाली बारीक अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्तासुद्धा. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, "अगंबाई, किती म्हातारे झालात हो!" आणि रडल्या. निरीक्षकांचेही डोळे भरून आले. ते डॉक्टरांना हळूच म्हणाले, "हिला दिसतंय, असं लेखी मिळेल? शिक्क्यासह?"

हसलात? हसा, हसा. पण मघाशी मोबाइलवर चप्पल मागवलीत, ती पायात घालून पाहिलीत, की तिला किती जणांनी किती तारे दिलेत ते मोजलंत? आणि चावू लागली की दोष कुणाला देणार? पायालाच ना?