बाराव्या चेरीची बी

फळांच्या गोदामातला कारकून सर्दीने जिभेची चव पार गमावून बसला होता, आणि तीन वाणांतली कुठली चेरी मागवायची ते साहेबांना उद्याच सांगायचं होतं. म्हणून तो तीन वाट्या घरी घेऊन आला. प्रत्येकीत मोजून बारा.

"तू चाखून ठेव गं, मी जरा पडतो," असं बायकोला सांगून तो आत जाऊन घोरू लागला.

तिने एकेक चाखली, बी बशीत ठेवली. लाल करकरीत, पण आंबट. पिवळी दिसायला देखणी, चवीला नुसतं पाणी. काळी मात्र मऊ, गर्द, जिभेवर ठेवताच विरघळणारी. मग ती वाट्या आणि बशी घेऊन पाळण्याशी बसली. बाळाच्या दातांपायी तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. (त्या दुपारीही लागला नाही, असं ती अजून शपथेवर सांगते.)

भान आलं तेव्हा आभाळ भरून खोली अंधारली होती. पाळणा आपोआप हलत होता. (दोरी तिच्याच अंगठ्याला होती, पण घाबरलेल्या माणसाला अंगठा कुठला आठवतो?) लाल, पिवळी जशीच्या तशी. काळ्या चेरीची वाटी रिकामी! घराच्या दाराला आतून कडी. आणि समोर कपाटाच्या आरशात केस सुटलेली, हनुवटीपर्यंत लाल तोंडाची एक बाई टक लावून बघत होती.

ती किंचाळली. ती बाईही किंचाळली.

बाळाला छातीशी धरून तिने बशीतल्या काळ्या चेरीच्या बिया मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. बाळाच्या गालावर लाल डाग!

आतल्या खोलीतून नवरा आणि स्वयंपाकघरातून सासूबाई धावत आले.

"अहो, घरात कुणीतरी आहे! आणि बाळाने बी गिळली हो!" ती रडत होती, पण शब्द जड, ओले, कुणा दुसऱ्याच्याच आवाजातले येत होते.

"आई, हिला काहीतरी झालंय," नवरा दाराकडे सरकत म्हणाला.

सासूबाईंनी बाळाच्या तोंडात बोट फिरवलं. काही नाही. गालावरचा डाग बघितला. तो ओठांच्या आकाराचा होता. मग त्या सुनेकडे वळल्या.

"आ कर."

"मी?"

"तूच. आ!"

डाव्या गालातून बारावी बी टपकन बशीत पडली.

नवऱ्याने अहवालात लिहिलं, 'काळी मागवावी. झोपेतही संपते.' साहेब खूश झाले.

तेव्हापासून घरात काही हरवलं, अगदी किल्लीसुद्धा, की सासूबाई बाळाला बाजूला ठेवतात आणि सुनेला म्हणतात, "आ कर."