सुटा भाग क्रमांक एकशे चौदा

उष्णता नष्ट होत नाही, ती फक्त जागा बदलते, हे शास्त्र आहे. ती नेहमी वरिष्ठांकडून कनिष्ठांकडे जाते, ही कार्यालयीन परंपरा आहे. आमच्या संस्थेने या दोहोंचा संगम घडवला, याचा आम्हांला सार्थ अभिमान वाटतो.

संस्थेत एक अवाढव्य वीज-रूपांतरक आहे. (तो विजेचे रूपांतर नेमके कशात करतो, हे विचारणाऱ्याची बदली होते.) त्याच्या चिपा तापू नयेत म्हणून खाली तांब्याच्या पोकळ पाट्या बसवल्या आहेत. त्यांतल्या केसाएवढ्या वाटांतून गार द्रव खेळतो. एखादा भाग मर्यादेबाहेर तापला, की साहेबांना आपोआप फोन जातो आणि साहेब जेवण टाकून येतात.

काढलेली उष्णता शेजारच्या खोलीत सोडतात. नकाशात ती खोली रिकामी आहे. प्रत्यक्षात तिथे ताई बसतात. त्या पाट्यांचे झाळकाम, म्हणजे तापवून जोड सांधणे, त्याच करतात.

तीन उन्हाळ्यांत ताईंनी सात अर्ज केले. घामाने हात निसटतो, जोड कच्चा राहतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा त्या पडल्याही. समितीने सहानुभूतीने विचार केला. यंत्राच्या एकशे तेरा भागांची कमाल मर्यादा तक्त्यात आहे, ताईंची नाही. आणि जी मर्यादाच नाही, ती ओलांडली कशी जाईल?

शेवटी भांडारवाले काका वैतागले.

"पोरी, माणूस म्हणून आणखी किती अर्ज करशील? थांब जरा."

त्यांनी सुट्या भागांच्या यादीत एक ओळ वाढवली: भाग क्रमांक एकशे चौदा, नग एक, कमाल सदतीस अंश. नियमाप्रमाणे भागाच्या दंडाला तापमापक चिकटवला.

दुपारी साहेबांना फोन गेला. साहेब हात न धुता धावत आले आणि ताईंना म्हणाले, "बरं वाटतंय ना?"

अकरा वर्षांच्या नोकरीत हे कुणी प्रथमच विचारले होते. ताईंना रडू आले. (नोंदवहीत "किरकोळ गळती" अशी नोंद आहे.) आठवड्याच्या आत त्यांच्या खुर्चीला गार नळी जोडली गेली.

आता त्या खोलीतली उष्णता भिंतीला भोक पाडून रस्त्यावर सोडली आहे. नकाशात रस्ता रिकामाच आहे. तिथून रोज जाताना आपणांस उकडते, असा आपला अर्ज मिळाला. समिती सहानुभूतीने विचार करत आहे. फक्त आपण कोणत्या यादीत आहात, तेवढे लिहायचे राहिले आहे.