मोजलेली तहान

अण्णांच्या जिभेच्या मधोमध एक बारीक चीर पडली होती. थोरल्या मुलीने टॉर्च लावून ती पाहिली आणि घरात जाहीर केलं, "कोरडी आहे! म्हणजे नियम पाळले जाताहेत!"

थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. अंगातलं पाणी कमी झालं की मेंदू तहान लावतो, मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात, हे तिने कित्येक वर्गांना समजावलं होतं. अण्णांच्या मूत्रपिंडांनी कायमचा संप केला होता, पण मेंदूला ते कुणी कळवलंच नव्हतं! तो बिचारा इमानेइतबारे तहान लावतच होता. प्यालेलं पाणी एक दिवसाआड डायलिसिसच्या मशीनने उपसायचं, नाहीतर ते फुप्फुसात साठायचं. म्हणून पाणी मोजून मिळायचं. अण्णा काही सांगायला तोंड उघडायचे, की थोरली, तिचा धाकटा भाऊ आणि आई, तिघंही एका सुरात म्हणायची, "आत्ता नाही!"

तरी वजन वाढलं. मशीनवरची नर्स रागावली, "पाणी कोण देतंय यांना?"

"मी नुसते ओठ ओले करते," आई म्हणाली.

"मी फक्त बर्फ देतो. बर्फ म्हणजे काय पाणी का?" धाकटा म्हणाला.

"मग काय दगड?" थोरली कडाडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा खोलीतल्या बेसिनच्या नळाला तोंड लावताना सापडले.

"नळच काढते!" थोरलीने गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला आणि किडका दात उपटावा तसा पान्याने नळ उपटला. तिकडे स्वयंपाकघरात आईचं पाणी गेलं. तिने धाकट्याला वर पिटाळलं, आणि त्याने इमानदारीत कॉक उघडला!

भिंतीतून धार सुटली. थोरलीचा चष्मा उडाला. तिने भोकावर तळहात दाबला, तर धार वळून थेट खुर्चीतल्या अण्णांवर! अण्णांनी मान मागे टाकून आ वासला.

"अण्णा, तोंड मिटा!"

"अगं, काय झालं?" आई धावत आली.

"कॉक बंद करायला सांग त्याला!"

"कुठला कॉक?" वरून धाकटा ओरडला.

"उघडलास तोच, गाढवा!"

पाणी थांबलं. अण्णांना धाप लागली होती, छातीत घरघर होत होती. थोरली ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. "किती प्यालात? अंदाजे तरी सांगा!"

अण्णांनी तोंड उघडलं. या वेळी कुणीच 'आत्ता नाही' म्हटलं नाही.

"उद्या गाडी बोलावू नकोस," ते म्हणाले. "तुम्ही एवढे राबताय, म्हणून सांगायचा धीर होत नव्हता. मला आता मशीनवर जायचं नाही."