लागणाऱ्या खाटा: शून्य

मरण कोणालाच चुकलेलं नाही, याबाबत आमच्या समितीत एकमत आहे. मतभेद एवढाच, की ते वस्तीत नेमकं कोणाकडे येणार.

अखेरच्या दिवसांतल्या माणसांसाठी सेवाघर बांधायचं ठरलं. काहीही अंदाजपंचे करायचं नाही, ही अध्यक्षांची शिस्त. (घरचा पंखासुद्धा त्यांनी तीन बैठका घेऊन बसवला.) म्हणून चारशे बारा घरांत फॉर्म वाटले: 'येत्या वर्षात आपल्या घरातून किती खाटा लागतील?' चारशे नऊ घरांनी लिहिलं, शून्य. दोन कोरे आले. एकाने लिहिलं, 'आधी तुमच्या घरात विचारा.' इतकी ठणठणीत वस्ती पाहून समितीचा ऊर भरून आला. सबब, सेवाघरात शून्य खाटा, एक सभागृह आणि चपला काढायला प्रशस्त जागा असावी, असा ठराव झाला. समितीची टिपणं मी लिहिते. शून्य मीही लिहिलं होतं.

तेवढ्यात माझी शेजारीण, ब्लाउज शिवणारी, दारात येऊन उभी राहिली.

"आईला जागा मिळेल का हो? डॉक्टर म्हणाले, फार तर महिना. मला एकटीला तिला कुशीवर वळवता येत नाही."

अध्यक्षांनी तिचा फॉर्म काढला. "ताई, तुम्ही तर शून्य लिहिलंय."

"मग काय लिहू? आई शेजारीच बसली होती. वाचता येतं तिला."

(हे टिपणात घ्यावं का, यावर वीस मिनिटं चर्चा झाली.)

फेरसर्वेक्षण ठरलं, दोन महिन्यांनी. फॉर्म वयस्कर मंडळींच्या नजरेआड भरावा, अशी तळटीपही घातली. आईला हे कळलं. तिने उशीला टेकून फॉर्म मागवला आणि ठसठशीत अक्षरात 'एक' लिहिलं. लेकीला म्हणाली, "तू कशाला गं लाजतेस? मरतेय मी." समितीने अक्षराचं कौतुक केलं आणि फॉर्म बाद केला. कुटुंबप्रमुखाची सही नव्हती.

पुढचे एकोणीस दिवस तिला आम्ही दोघी मिळून वळवत होतो.

फेरसर्वेक्षणात शेजारणीने पुन्हा शून्य लिहिलं. या वेळी ते खरं होतं. पहिलाच आकडा अचूक निघाल्याचं समितीने समाधानाने नोंदवलं.

आता फॉर्म पुढच्या गल्ल्यांत वाटतायत. तुमच्या घरीही आला असेलच. तुम्हाला अजून कोणी दाखवला नाही? मग तळटीप नीट पाळली जातेय म्हणायची.