दळवीमामा आणि संतोषचा गुडघा

दळवीमामा कुणाला भेटले की आधी त्याच्या गुडघ्यांकडे बघतात. चेहऱ्याची पाळी नंतर. मागच्या गणपतीत आमच्या मंडळाच्या आरतीत त्यांनी मध्येच गुरुजींना विचारलं, "डावा दुखतो ना?" गुरुजी पुढचं कडवं विसरले. दुखत होता म्हणे. पण मामांचे अंदाज नेहमी असेच लागतात असं समजू नका. माझ्या साहेबांनाही त्यांनी हेच विचारलं होतं. साहेबांचे गुडघे ठणठणीत आहेत आणि तेव्हापासून ते माझ्यावर नाराज आहेत.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइप कारखान्याचं स्टोअर मामा सांभाळतात, आणि रविवारी आमचा कबड्डीचा संघ. मी संघाचा सेक्रेटरी. म्हणजे हॉल बुक करणं, पाण्याच्या बाटल्या आणणं आणि हरल्यावर सगळ्यांची माफी मागणं. हे शेवटचं काम मला शिकावं लागलं नाही. सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवला तरी मी आरशात बघून हात जोडतो.

आमच्या संघाची सगळी मदार संतोषवर. मालवणकडचा पोरगा, साइटवर स्कॅफोल्डिंग बांधतो आणि मॅटवर चढाईला गेला की हाताला लागत नाही. गेल्या हंगामात पकडीतून सुटताना त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं. कंपनीने तात्पुरतं त्याला खालचं, हलकं काम दिलं. लेबर कॅम्पमध्ये त्याचा पलंग वरचा, शिडीचा. मामांनी सरळ त्याची बॅग उचलली आणि त्याला शारजातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. मामी आणि मुलगी रत्नागिरीला परतल्यापासून तिथे मामा एकटेच होते.

यथावकाश फिजिओ म्हणाला, फिट. डॉक्टर म्हणाले, फिट. पोरांनी पेढे आणले. मामांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "अजून नाही."

"मामा, डॉक्टर हो म्हणालेत," मी म्हटलं.

"डॉक्टरने चढाई केलीय कधी?"

"तुम्ही तरी कुठे केलीय? तुम्ही जन्मभर राखीवात होतात."

"म्हणून तर! खेळणाऱ्याला समोरचा दिसतो. राखीव माणसाला सगळे दिसतात."

मामांचं म्हणणं एवढंच होतं, की गुडघा बरा होऊन उपयोग नाही, तो आहे हे संतोष विसरला पाहिजे. ज्या दिवशी विसरेल, त्या दिवशी पहिल्या सातात. आणि तो विसरतो का, हे बघायला त्याला बेसावध गाठायला हवं. मग मामा सुपरमार्केटमध्ये मागून त्याच्या अंगावर ट्रॉली घालत. बाथरूममधून "झुरळ!" म्हणून किंचाळत. एकदा पार्किंगमध्ये पिकअपच्या मागे लपून कुत्र्यासारखे भुंकले. संतोष दचकायचा, पण दरवेळी उजवा पाय जपून. बिल्डिंगच्या पठाण वॉचमनने मामांना तसं ओणवं बसलेलं पकडलं.

"चाचा, क्या कर रहे हो?"

"सिलेक्शन," मामा म्हणाले.

इकडे आम्ही हरत होतो. एका केटरिंग कंपनीच्या संघाने आम्हाला लोळवलं, आणि त्यांचा कर्णधार चढाईला जाताना एका हाताने पोट सावरतो. पोरं पेटली. त्यांनी मला पुढे घातलं आणि मी, नको नको म्हणत, मामांच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. मामा सुरमई तळत होते. संतोष जमिनीवर मांडी घालून लसूण सोलत होता.

"मामा, पोरं म्हणतायत... म्हणजे मी नाही म्हणत... की तुम्हाला घरात सोबत हवीय, म्हणून तुम्ही याला बरा होऊ देत नाही."

बोललो आणि वाटलं, समोरच्या तेलात जीव द्यावा.

मामांनी तुकडा उलटला. "सामना हरलो तर कप जातो, हबीबी. कप पुढच्या वर्षी पुन्हा येतो. याचा गुडघा परत गेला तर कंपनी याला वर चढवणार नाही. जो वर चढत नाही, त्याच्या हातात तिकीट ठेवतात. खलास. गावी जाऊन आईला काय सांगेल? कबड्डीत बोनस गुण घेत होतो म्हणून?"

मामांनी दुसरा तुकडा उलटला.

"आणि सोबत हवीय हेही खरं आहे. पण ते तुमच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहू नका."

हे बोलताना त्यांचं लक्ष माझ्याकडे, आणि हात कढईच्या कानाला. कढई कलंडली. मला फक्त ओरडता आलं. संतोष मांडी मोडून उठला कधी, उजव्या पायावर जोर देऊन झेपावला कधी, मामांना कमरेला धरून मागे खेचलं कधी, काही कळलं नाही. तेल फरशीवर पसरलं. मामा कोरडे.

"भाजला नाय मा, मामानू?"

मामा त्याच्या उजव्या पायाकडे बघत राहिले. चेहरा असा, की जणू संतोषने राजीनामा दिलाय.

"रविवारी पहिल्या सातात," ते म्हणाले आणि फडकं शोधायला लागले.

रविवारी पहिली चढाई संतोषची. मामा मॅटकडे पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"सांगा."

"रेषा ओलांडली... बोनस बघतोय... कोपऱ्यातल्याने पाय धरला, मामा. चौघं अंगावर. खाली आहे."

"उठला का?"

"त्यांना गुण—"

"गुण घाला चुलीत! उठला का?"

"उठला. चालत बाहेर येतोय. नीट चालतोय."

मामा वळले आणि टाळ्या वाजवायला लागले. समोरच्यांना मिळालेल्या गुणाला, आमचा प्रशिक्षक. त्यांचा कर्णधार गोंधळून 'थँक्यू' म्हणाला.

संतोष बाद होऊन आमच्या शेजारी येऊन बसला. "गुण त्येंका गेलो, मामानू."

"जाऊ दे. जेवायला काय करू?"

संतोष घाम पुसत बसला. मग म्हणाला, "आजपासून कॅम्पार जातंय. सामान सकाळीच भरून ठेवलंय."

"हो का? बरं," मामा म्हणाले. "मग डीप फ्रीजमधून काही काढायला नको."

आणि मॅटकडे वळून पंचांवर एवढ्या जोरात खेकसले, की खेळ थांबला. पंचांची काही चूक नव्हती.