जोगळेकर काकांचा शेरा

आमच्या वरच्या मजल्यावरचे जोगळेकर काका कधी बेल वाजवत नाहीत. खिशातून टीचभर हातोडी काढतात, दार ठोकतात आणि कान लावून ऐकतात. मी घाबरून उघडलं की म्हणतात, "शेरा. वरची बिजागरी सैल."

जन्मभर त्यांनी हेच केलं. सिंगापूरच्या बंदरातून जहाज निघायच्या आधी त्यावर चढायचं, ठोकून ठोकून दोष शोधायचे, शेरा लिहायचा आणि दोष मोठा निघाला की जहाज अडकवायचं. आता रिटायर झाले, काकू गेल्या, जहाजं संपली, मग आमचा जुरोंग ईस्टचा ब्लॉकच घेतला तपासायला. लिफ्टला शेरा. हॉकर सेंटरातल्या, म्हणजे खालच्या खाऊच्या टपऱ्यांवरच्या, कलिंगडाला शेरा. माझ्या पोह्यांना तर, "मोहरी जळलेली, मीठ उशिरा घातलेलं." चांगलं म्हणून कधी म्हणणार नाहीत. "फॉर्मात चांगल्याला रकाना नसतो," म्हणे.

आणि मग त्यांना खालच्या बास्केटबॉल कोर्टावर माझी मुलगी रेवा दिसली.

रेवा एकुलती. मी एकोणीसची असताना झाली. मी दहावी नापास, तिचे बाबा वर्षातले आठ महिने बोटीवर, त्यामुळे घरी आलेलं पत्र तीच वाचते, डॉक्टरशी तीच बोलते, सगळं तीच. बास्केटबॉलात ती विंगला खेळते, म्हणजे कडेनं पळत आत घुसून बॉल टाकायचा, एवढंच मला कळलंय. काका रोज संध्याकाळी वही घेऊन बाकावर हजर. "शेरा! डावा हात नुसता शोभेचा." "शेरा! बॉल टाकून बघत काय बसतेस? मागे कोण पळणार, तुझी आई?"

"अंकल, सो फिअर्स लाह!" किती रागावता, असं रेवा इथल्या इंग्रजीत ओरडायची, पण पळायची.

डाव्या हाताला वळण लागावं म्हणून त्यांनी तिला डाव्या हातानं जेवायला लावलं! मी म्हणलं, काका, आपल्यात हे चालत नाही हो. तर म्हणाले, "बास्केटला सोवळं नसतं."

यंदा अमेरिकेतल्या एका कॉलेजानं तिला टीममध्ये घ्यायचं जवळजवळ ठरवलं. फक्त तिला बरेच दिवस पाहिलेल्या, शाळेबाहेरच्या कुणाचं तरी खरंखुरं मत लिहून हवं होतं. रेवानं काकांचं नाव दिलं.

ती गेली तर मी या शहरात मुकी होणार. ती खाली खेळत होती तेव्हा मी धापा टाकत जिना चढले.

"काका, तिचा गुडघा लिहा ना. गेल्या वर्षी पडली होती बघा. तेवढा एकच शेरा. तुम्ही तर सगळ्यात दोष काढता."

वाटलं, आता ओरडतील. त्यांनी नुसती वही पुढे सरकवली.

"मला इंग्रजी येत नाही, काका."

"वाचायला काही नाहीच."

शेवटच्या पानांवर वर तारीख, खाली कोरं. तारीख, कोरं. तारीख, कोरं.

"गुडघा, टाच, श्वास, सगळं बघतोय दोन महिने," काका म्हणाले. "तुझ्या आधीपासून शोधतोय मी. अडकवण्यासारखं काही सापडत नाही गं."

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पत्र लिहून तयार होतं, तीन दिवस झाले होते. पाठवायच्या बटणावर बोट जात नाही, म्हणाले.

"काय लिहिलंय?"

"जायला योग्य. एवढंच."

मला म्हणता आलं असतं, राहू द्या, पुसून टाका. काकांनी पुसलंही असतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं मला. खालून बॉल आपटल्याचा आवाज येत होता. शेवटी ते बटण मीच दाबलं.

काका कॉरिडॉरमध्ये जाऊन कठडा धरून खाली बघत उभे राहिले. मी शेजारी गेले.

"अजून किती आठवडे आहे ती?"

"सहा."

"शनिवार-रविवार धरून ना?"

"धरून," मी म्हणलं.